चौघांचा एक जोडीदार

चौथा कोट खुंटीला अडकवून समन्वयबाई दोन पावलं मागे सरकल्या. पहिला कोट काळा, त्यांच्या नवऱ्याचा. नवरा लढाईत गेला, कोट राहिला. दुसरा करडा, शिपायाकडून मिनतवाऱ्या करून आणलेला. तिसरा दुभाष्या मास्तरांचा, बाहीवर शाईचा डाग असलेला. चौथा खरं तर बायकी रेनकोट होता, पण बटणं लावली नाहीत तर लांबून खपून जाईल, असा बाईंचा अंदाज होता. शेजारच्या स्टुलावर एक चष्मा, एक टोपी आणि एक मफलर मांडून त्यांनी मागच्या बोळाचं दार उघडलं आणि पलीकडच्या खोल्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"मास्तर, एका खोलीतून निघायचं, इथे कोट बदलायचा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. धावत गेला तर जमेल ना हो त्याला?"

मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होते. "कोणाला?"

"कोणाला म्हणजे? छोटूला! सकाळपासून काय घसा फोडतेय मी?"

"हां, छोटूला," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पेन्सिलीत शिरले. "बाई, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नका. सगळे येतील वेळेवर."

"अहो, सगळे कुठले? एकटाच यायचाय! तीच तर पंचाईत आहे."

पंचाईत होती खरी. शहराचं वीजघर लढाईत निकामी झालं होतं आणि ते पुन्हा उभं करायला चार देशांनी हात पुढे केला होता. एकाने नदीवरचे पंप दिले, दुसऱ्याने बॉयलर, तिसऱ्याने जनरेटर आणि चौथ्याने शहरभर टाकायच्या तारा. नुसतं सामान नाही, सोबत तज्ज्ञांचा एकेक चमूही. चार देश, चार भाषा, चार मापं, आणि मानपान तर विचारूच नका. कोणी कोणाशी थेट बोलत नसे. पंपवाल्यांच्या पाइपाचं तोंड केवढं, हे बॉयलरवाल्यांना हवं असलं तर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला समन्वय कार्यालयात येऊन बाईंना विचारत, आणि मग बाई पंपवाल्यांना. म्हणून तर त्यांचं खरं नाव मागे पडून त्या सगळ्यांच्या समन्वयबाई झाल्या होत्या.

या मदतीला एकच अट होती. प्रत्येक चमूला इथला एक माणूस द्यायचा, काम जाणणारा. त्याने चमूबरोबर रोज राबायचं, शिकायचं आणि पाहुणे परत गेले की यंत्र सांभाळायचं. त्याला म्हणायचं जोडीदार. जोडीदार नाही, तर चमू आल्या पावली परत.

आता काम जाणणारी माणसं आणायची कुठून? वीजघर निकामी झालं त्या दिवशी तिथे पाळीवर असलेल्यांतून परत आला तो एकटा छोटू, बाईंचा धाकटा भाऊ. नाव छोटू, वय चाळिशीला टेकलेलं. बाईंनी डोळे मिटून चारही कागदांवर त्याचंच नाव लिहिलं. हे लबाडीचं काम आहे हे त्यांना कळत होतं. पण मागच्या हिवाळ्यात शहराने आधी टेबलं जाळली, मग खुर्च्या, मग दारं, आणि त्याच हिवाळ्यात त्यांची आई थंडीने गेली. पुढच्या थंडीच्या आत वीजघर सुरू करायचं, मग त्यासाठी चार ठिकाणी खोटं बोलावं लागलं तरी बेहत्तर, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. छोटूला त्यांनी आठवड्याचं वेळापत्रक करून दिलं. जमेल ना रे, असं विचारलं. जमेल, तो म्हणाला.

सुरुवातीला तक्रारींचा पाऊस पडला. जोडीदार आलाच नाही, काल नव्हता, आजही नाही. बाईंच्या नाकी नऊ आले. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, तक्रारी एकाएकी थांबल्या. थांबल्या म्हणजे काय, चारही चमू जोडीदाराचं कौतुक करायला लागले. रोज येतो म्हणे. वेळेवर येतो म्हणे. एकच माणूस चार ठिकाणी रोज वेळेवर कसा पोचतो, हे कोडं बाईंना काही केल्या सुटत नव्हतं. पण चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला, म्हणून त्यांनी ते कोडं बाजूला सारलं होतं.

आज मात्र मोठ्या कचेरीचे साहेब स्वतः येणार होते, जिथून ही सगळी मदत निघत होती तिथले. चारही चमूंचे प्रमुख आणि त्यांचे चार जोडीदार त्यांना समोर बघायचे होते. एक जरी कमी भरला तरी तो चमू गुंडाळून परत. म्हणून हे कोट, ही टोपी आणि चार वेगवेगळ्या खोल्या.

छोटू सकाळी नेहमीसारखाच घरातून लवकर बाहेर पडला होता. "ताई, घाबरू नकोस. होईल सगळं नीट," एवढंच म्हणाला होता. आता दुपार व्हायला आली तरी त्याचा पत्ता नव्हता.

सगळ्यात आधी आला तो बॉयलरवाल्यांचा प्रमुख. धिप्पाड, लालबुंद, नेहमी घामाघूम. मास्तरांनी उठून दुभाष्याचं काम सुरू केलं.

"ते विचारतायत, त्यांचा जोडीदार आला का? आज त्याने सकाळी गरम पाव आणला नाही, म्हणून त्यांना चुकल्यासारखं झालंय."

"पाव?" बाईंनी विचारलं.

"रोज आणतो म्हणतात. स्वतःच्या हाताने भाजलेला."

बाईंनी आ वासला. छोटूला साधं दूध उतू न घालता तापवता येत नव्हतं. बॉयलरवाला हसत हसत स्वतःच्या पोटावर थापट्या मारू लागला.

"ते म्हणतात, आमची दोघांची ढेरी सारखीच, त्यामुळे बॉयलरमागच्या फटीत दोघंही अडकतो."

छोटू म्हणजे नुसती काडी. लढाईनंतर तर अंगावरचा सदरा खांद्यावरून घसरायचा. बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांच्या तोंडून "हो, तसा तो आहेच," एवढंच निघालं. बॉयलरवाला आपल्या खोलीत जाऊन बसला.

"मास्तर, हा काय प्रकार?"

"जेवण नीट होत असेल बॉयलरवर," मास्तर म्हणाले.

मागोमाग तारांच्या चमूची प्रमुख आली. तरुण बाई, भराभर बोलणारी. तिचा जोडीदार म्हणे खांबावर सरसर चढतो आणि वर पोचला की गाणी म्हणतो. शहरातली प्रत्येक गल्ली, प्रत्येक घर त्याला पाठ. कोणाच्या घरी कुत्रं चावरं आहे, हेसुद्धा तो आधीच सांगून ठेवतो.

छोटूला स्टुलावर चढलं तरी घेरी यायची. घरातला दिवा बदलायचा असला तर स्टुलावर बाई चढत आणि तो खालून स्टूल धरून, डोळे मिटून उभा राही.

मग जनरेटरवाल्यांचा प्रमुख आला, कायम सुतकी चेहऱ्याचा. आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर थोडं हसू होतं. जोडीदार दिवसभर सिनेमाच्या गोष्टी सांगतो म्हणे, नटनट्यांच्या नकला करतो, आणि यंत्राच्या आवाजात नुसत्या कानाने सांगतो की कुठला पट्टा सैल झालाय.

बाईंचं डोकं गरगरायला लागलं. आपला भाऊ आपल्याला माहीतच नाही की काय? घरी येतो, हातपाय धुतो, हाताला लागलेला पांढरा चुना बराच वेळ चोळून काढतो, दोन घास खातो आणि भिंतीकडे तोंड करून निजतो. तो माणूस बाहेर जाऊन नकला करतो? गाणी म्हणतो? तेही खांबावर? लढाईने माणसं बदलतात म्हणतात, पण दिवसातून चार वेळा बदलतात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि या गोंधळातही त्यांना आत कुठेतरी लागलं, की एवढं हसणारा माणूस घरी आपल्याशी मात्र एखाददुसरी गंमत सांगून गप्प का?

शेवटी पंपवाल्यांचा म्हातारा प्रमुख आला. त्याने आपल्या कोटाचं बटण बोटाने हलवून दाखवलं.

"जोडीदाराने शिवून दिलं म्हणतात," मास्तर म्हणाले. "आणि त्यांच्या बायकोने जोडीदारासाठी भेट पाठवलीय."

म्हाताऱ्याने खिशातून घडी केलेला एक स्कार्फ काढला. फिकट गुलाबी, त्यावर बारीक निळी फुलं. बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"मास्तर, एक तर मी वेडी झालेय, नाहीतर तुम्ही चुकीचं सांगताय."

"मी शब्दन् शब्द बरोबर सांगतोय," मास्तर जरा दुखावून म्हणाले.

तेवढ्यात खाली मोटार थांबली. साहेब आले. आणि छोटू आला नव्हता.

साहेब उंच, सडसडीत, प्रवासाने दमलेले. बाईंनी त्यांना पहिल्या खोलीकडे वळवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी मान हलवली. वेगवेगळ्या खोल्या कशाला? सगळ्यांना एकत्रच बसवा. एवढे महिने सगळे शेजारी शेजारी काम करतायत, एकमेकांची तोंडं तरी बघू देत.

झालं! सकाळपासूनचं सगळं नियोजन पाण्यात गेलं. चारही प्रमुख मोठ्या खोलीत लांब टेबलाशी येऊन बसले. चौघांच्या शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या. आता उभं राहून खरं काय ते सांगून टाकावं, हात जोडावेत, आमच्याकडे माणसंच उरली नाहीत हो, असं म्हणावं, एवढं त्यांच्या ओठांवर आलं.

दार वाजलं आणि चार माणसं आत आली.

पुढे बेकरीवाला, घाईघाईने पीठ झटकलेला सदरा घालून. त्याच्यामागे पोस्टमन. मग बंद पडलेल्या थेटरातला ऑपरेटर, जो लढाईआधी पडद्यामागे, म्हणजे खरं तर पडद्यासमोरच्या झरोक्यामागे बसून सिनेमा दाखवायचा. आणि सगळ्यात शेवटी वीजघराच्या फाटकासमोर जिचं दुकान होतं ती शिंपीणबाई. चौघेही काही न विचारता आपापल्या प्रमुखाशेजारी जाऊन बसले. बॉयलरवाल्याने बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. पंपवाल्या म्हाताऱ्याने शिंपीणबाईला बसायला खुर्ची मागे ओढून दिली.

बाईंच्या हातात तो गुलाबी स्कार्फ तसाच होता. तो त्यांनी टेबलाखाली लपवला, मग लपवायचं काय त्यात, असं वाटून पुन्हा वर काढला आणि शिंपीणबाईसमोर ठेवला. शिंपीणबाईने मान खाली घातली.

साहेबांनी कागद वाचला. मग परत वाचला. मास्तर पुढे झुकले.

"साहेब विचारतायत, चौघांचं नाव एकच कसं?"

बाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच मास्तर साहेबांच्या भाषेत काहीतरी बोलून मोकळे झाले. साहेबांनी मान डोलावली आणि हसून काहीतरी उत्तर दिलं.

"काय सांगितलंत?" बाई कुजबुजल्या.

"म्हटलं, आमच्याकडे हे नाव फार. साहेब म्हणतात, त्यांच्या गावातही असंच आहे."

पुढे प्रश्न झाले. चौघांनी आपापल्या यंत्राची उत्तरं दिली. बेकरीवाला दोनदा अडखळला, ऑपरेटर नको तेवढं बोलला, पण निभावलं. साहेबांनी कागद मिटले आणि शेवटचा प्रश्न विचारला तो मात्र टेबलाशी बसलेल्या कोणा एकाला नाही, सगळ्यांनाच.

"ते म्हणतात," मास्तर हळूच म्हणाले, "चार भाग झाले. पण वीजघर सुरू करायच्या दिवशी आधी कोणी, मग कोणी, हे कोण सांगणार? चौघांमध्ये उभं राहून?"

चार प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिलं. चार जोडीदारांनीही पाहिलं. आणि मग आठही माणसांनी समन्वयबाईंकडे पाहिलं. साहेबांना ते बघून बरं वाटलं असावं. अर्थातच, ते म्हणाले, समन्वय म्हणजे आणखी काय? पुढच्या आठवड्यात सुरू करून दाखवा, तोवर मी इथेच आहे.

"हो," बाई म्हणाल्या. हो का म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

सगळे साहेबांबरोबर वीजघर बघायला खाली उतरले. मास्तर शेवटी निघाले, तेव्हा बाईंनी त्यांची बाही धरली.

"छोटू कुठे आहे?"

"तुम्हाला माहीत नाही, हे मला अजून खरं वाटत नाही," मास्तर म्हणाले. "सगळ्या गावाला माहीत आहे. थेटरात असतो तो. दिवसभर."

"थेटरात? काय करतो?"

"जाऊन बघा ना. आता तरी बघा."

थेटर दोन गल्ल्यांवर होतं. रस्ताभर बाई मनातल्या मनात भावाला झापत होत्या. एवढा मोठा खेळ माझ्या नाकाखाली खेळलास? मला वेड्यात काढलंस? मी कोट मागत दारोदार फिरले, मेल्या! पण झापता झापता त्यांचा आवाज मनातच उतरत होता. कारण पंपावर, बॉयलरवर, जनरेटरवर, खांबावर, यांतल्या एकाही ठिकाणी जर तो नव्हता, तर मग इतके महिने तो सकाळी उठून कुठे जात होता, हा विचार रागापेक्षा मोठा होत चालला होता.

थेटराच्या अर्ध्या छपराला भगदाड पडलं होतं, त्यातून ऊन आत येत होतं. खुर्च्या मागच्या हिवाळ्यात कोणीतरी जाळल्या होत्या. त्यांच्या जागी विटांवर फळ्या टाकलेल्या. पडदा होता ती भिंत काळी रंगवलेली, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूने काढलेलं वीजघर. नदी, नदीवरचा पंप, पाइप, बॉयलर, प्रत्येक झडप, प्रत्येक कळ, जनरेटर, स्विचांची फळी, तिथून निघालेल्या तारा आणि शेवटी बारीक बारीक घरं. छोटू पाठमोरा उभा राहून एका झडपेची रेघ पुसून पुन्हा काढत होता.

"झाली मिटिंग?" त्याने मागे न वळता विचारलं. त्याला वाटलं चौघांपैकी कोणी असेल. "ऑपरेटर जास्त बोलला का रे? विचारतील तेवढंच बोल म्हणून बजावलं होतं त्याला."

"बोलला," बाई म्हणाल्या.

तो वळला. हात खडूने कोपरापर्यंत पांढरे. बाईंना तो चुना आठवला आणि गलबलून आलं. मग त्याचाच राग आला.

"कमाल केलीस हो! चार देशांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस ती फेकलीस, माझ्याही? मी तुझी कोण रे?"

"तू रागावणार हे माहीत होतं."

"मग काय पाठ थोपटू?"

छोटूने खडू फळीवर ठेवला. बराच वेळ तो हात चोळत राहिला.

"पहिल्या दिवशी गेलो होतो मी," तो म्हणाला. "फाटकापर्यंत. पुढे पाय उचलेना. वाटलं, उद्या जमेल. दुसऱ्या दिवशीही तेच. पहारेकरी पाणी आणून द्यायचा, मी ते प्यायचो आणि तिथेच उभा राहायचो. समोर शिंपीणबाई बघत होत्या. चार दिवस बघितलं त्यांनी. मग बाहेर येऊन म्हणाल्या, आत जाऊन नेमकं करायचं काय असतं, मला सांगा, मी जाते. मी सांगितलं. त्या गेल्या. पंपवाल्यांना वाटलं, याच जोडीदार. मग त्यांनीच बाकीच्यांना आणलं. येताजाता चौघंही इथे येतात, मी भिंतीवर काढून सांगतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वेळापत्रक दिलंस ना हातात. जमेल का म्हणालीस. मी जमेल म्हटलं."

"नाही जमत म्हणायचंस, बाबा!"

"आई गेल्यापासून तुझं एकच चाललं होतं, वीजघर, वीजघर. तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना." त्याने हातावरचा खडू झटकला. "आणि तू परत विचारलंसही नाहीस, ताई."

हे खरं होतं. जेवताना त्या रोज विचारत, काय म्हणतात तुझे बॉयलरवाले? पण तुला जमतंय का, हे कधीच नाही. कधी कधी तो एखादी गंमत सांगे, त्या हसत. ती गंमत त्याने बघितलेलीच नव्हती. कोणीतरी इथे येऊन त्याला सांगितलेली, तीच तो घरी आणून बहिणीला देत होता. साऱ्या जगाचा मेळ घालायला निघालेल्या बाईला ताटासमोर बसलेला भाऊ दिसला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"साहेब आठवडाभर राहणार आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळं सुरू करून दाखवायचंय. चौघांना प्रत्येकाचं आपापलं येतं. पण आधी काय, मग काय, हे मध्ये उभं राहून कोणीतरी सांगायला हवं. ते एकट्या तुलाच ठाऊक आहे."

छोटू एक पाऊल मागे सरकला. "ताई, मला नको नेऊस."

येताना बाईंनी ठरवलं होतं, हाताला धरून न्यायचं. लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं तसं, रडला तरी. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो त्याने दुसऱ्या हातात घट्ट आवळून धरला होता. बाईंनी पदराने एक फळी झटकली आणि तिच्यावर नीट बसकण मारली.

"तुला कोण नेतंय? मी जाणार आहे. चल, पहिल्यापासून सांग."

"तू?"

"का? शिंपीणबाईंना जमलं, मला नाही जमणार?"

"ताई, तुला अजून स्टोव्ह नीट पेटवता येत नाही."

"म्हणून तर म्हणतेय, पहिल्यापासून."

त्याला हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही. त्याने खडू उचलला.

"बरं. हे चार भाग. आधी काय सुरू करायचं?"

"बॉयलर," बाई झटक्यात म्हणाल्या. "आग लागल्याशिवाय पुढे काय होणार?"

"चूक. आधी पंप. पाणी आत येतंय याची खात्री नसताना आग वाढवत नेली, तर..."

खडू भिंतीवर तसाच टेकलेला राहिला. बाईंना वाटलं उठावं, त्याला जवळ घ्यावं, राहू दे रे म्हणावं. त्या उठल्या नाहीत.

"तर?"

"तर बॉयलर फुटतो," छोटू म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी बॉम्ब नदीकडे पडला. आत काही झालंच नव्हतं. पंप बंद पडला का ते बघायला मला पाठवलं. बंद पडला होता. मागे धावत जाऊन आत सांगायचं एवढंच माझं काम होतं, आग विझवा म्हणून. मी धावलो. फाटकापर्यंत आलो होतो."

बाहेर रस्त्यावरून कोणाचीतरी हातगाडी खडखडत गेली. छोटू भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते की नाही हे उन्हामुळे बाईंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, पुढे सरकून बसल्या आणि भिंतीवरच्या नदीपासून बॉयलरपर्यंतची वाट बोटाने हवेत गिरवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी पंपावर गेले. पंप चालू आहे हे डोळ्यांनी बघितलं. तिथून आत आले आणि सगळ्यांना सांगितलं. आता पुढे काय?"